पटाबरोबर इयत्ताही मोजा

प्रति,
मा. ना. श्री. दादाजी भुसे,
शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य



मोसम नदी आमच्या बागलाणच्या डोंगरात उगम पावते, हरणबारीचे धरण भरते आणि आपल्या मालेगावात गिरणेला मिळते. आपण त्या खोऱ्यातले आमदार. सटाणा, नामपूर, ताहाराबाद ही गावे आपल्याला नकाशावर दाखवावी लागत नाहीत. पश्चिमेकडचे साल्हेर-मुल्हेरच्या पायथ्याचे पाडेही आपल्याला माहीत आहेत. म्हणून हे पत्र खात्याच्या आवक-जावक नोंदवहीत न टाकता उघडपणे आपल्यालाच लिहितो आहे. मी सटाण्यात राहणारा निवृत्त प्राथमिक शिक्षक. नोकरी सगळी जिल्हा परिषदेच्या शाळांत झाली, आणि त्यातली बरीचशी द्विशिक्षकी शाळांत.

विषय संचमान्यतेचा आहे. शाळेत मुले किती, त्यावरून त्या शाळेला शिक्षक किती, हे ठरवणारा तो कागद. गावातल्या पालकांना हा शब्द सहसा ठाऊक नसतो. गुरुजींची बदली झाली, नवे आले नाहीत, एवढेच त्यांना दिसते. त्यामागे कुठल्या तक्त्यातली कुठली ओळ होती, हे त्यांना कोणी सांगत नाही.

१५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने हा तक्ता बदलला. पहिली ते पाचवीच्या शाळेत पट २० पर्यंत असेल, तर नियमित शिक्षक एक. दुसरा हवा असेल तर तो शक्यतो सेवानिवृत्तांमधून घ्यायचा. सहावी ते आठवीच्या गटात पट २० च्या आत आला, तर त्या गटाला शिक्षकाचे पदच मंजूर होत नाही. हा निर्णय आपण या खात्यात येण्याआधीचा आहे, हे मला ठाऊक आहे. पण त्याचा खरा भार आपल्या काळात शाळांवर पडतो आहे. ५ डिसेंबर २०२५ ला राज्यभरचे शिक्षक शाळा बंद ठेवून रस्त्यावर उतरले, तेव्हा टीईटीच्या, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेच्या, प्रश्नाबरोबर हा निर्णय रद्द करा ही मागणीही होती. वर्तमानपत्रांतून ती ‘शिक्षकांची मागणी’ म्हणून छापून आली. मी तिच्याकडे मुलांची मागणी म्हणून पाहतो, आणि का पाहतो ते सांगण्यासाठी हे पत्र आहे.

पश्चिम बागलाणच्या एखाद्या पाड्यावरची शाळा डोळ्यांपुढे आणा. दोन खोल्या, पुढे ओटा, बाजूला पोषण आहाराची चूल. पटावर १७ मुले. पहिलीत चार, दुसरीत तीन, तिसरीत पाच, चौथीत दोन, पाचवीत तीन. तक्त्यात बघणाऱ्याला १७ हा आकडा दिसतो आणि वाटते, एका माणसाला १७ मुले म्हणजे फार नाहीत. शहरातल्या शाळेत एका वर्गात ४० असतात.

पण त्या खोलीत १७ मुलांचा एक वर्ग नसतो, तिथे पाच वर्ग असतात. भाषा, गणित आणि इंग्रजी एवढेच विषय धरले तरी पाच इयत्तांच्या पंधरा तासिका होतात, आणि परिसर अभ्यास अजून बाजूलाच आहे. पहिलीच्या चौघांना अजून पेन्सिल नीट धरता येत नाही. घरी कोकणा आदिवासींची कोकणी बोली बोलली जाते, खालच्या गावांत अहिराणी, आणि पुस्तक प्रमाण मराठीत. त्या चौघांजवळ कोणीतरी मांडी घालून बसल्याशिवाय अक्षर उमटत नाही. त्याच वेळी पाचवीतल्या तिघांना अपूर्णांकांची बेरीज शिकायची असते. गुरुजी पहिलीजवळ बसले की पाचवीची मुले फळ्यावरची उदाहरणे वहीत उतरवून घेतात. उतरवतात, सोडवत नाहीत, कारण अडलेली पायरी दाखवायला कोणी नाही. गुरुजी पाचवीकडे वळले की पहिलीतली दोन पोरे ओट्यावर आणि तिसरे चुलीपाशी. मग तिसरीतली एखादी थोरली मुलगी त्यांना आवरते. ती त्या वेळात स्वतःचे काही शिकत नाही.

यात तांदूळ मोजून देणे, आहाराची रोजची माहिती मोबाइलवर भरणे, आधारची दुरुस्ती, चाचण्यांचे गुण पोर्टलवर चढवणे हे सगळे त्याच एका माणसाकडे. केंद्रावर बैठक लागली किंवा प्रशिक्षण लागले, तर शाळेला कुलूप. नगरपरिषदांच्या निवडणुका २०२५ च्या डिसेंबरमध्ये झाल्या, पुढेही निवडणुका येतच राहतील. निवडणुकीचे काम शिक्षकाला कायद्याने टाळता येत नाही, आणि मी ते टाळा म्हणणार नाही. पण द्विशिक्षकी शाळेतून एक शिक्षक निवडणुकीला गेला तर शाळा चालू राहते. एकशिक्षकी शाळेतून गेला तर ती बंद पडते. गुरुजी आजारी पडले तरी तेच, त्यांच्या घरी कोणी गेले तरी तेच.

आता हाच हिशोब कायद्याच्या भाषेत मांडतो. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तासांचे अध्यापन सांगितले आहे. हे ८०० तास प्रत्येक इयत्तेतल्या मुलाचे आहेत. एका शिक्षकाने पाच इयत्ता सांभाळल्या आणि वर्षात एक दिवसही त्याला कुठे जावे लागले नाही, एक मिनिटही कागदावर गेले नाही असे धरले, तरी एका इयत्तेच्या वाट्याला थेट शिकवण्याचे १६० तास येतात. दोन शिक्षक असले तर ३२०. दोघांतही ८०० होत नाहीत. म्हणजे दोन शिक्षक ही चैन नव्हती. ज्याच्या खाली जायचे नाही अशी ती मर्यादा होती, आणि म्हणूनच त्याच अनुसूचीत पहिली ओळ आहे ती अशी: ६० पर्यंत मुले असतील तर शिक्षक दोन. ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. त्या पहिल्या ओळीत वीसची वेगळी पायरी कुठेही नाही. सहा मुले असोत की साठ, शिक्षक दोन.

सहावी ते आठवीबद्दल अनुसूची आणखी स्पष्ट आहे. दर ३५ मुलांमागे एक शिक्षक हे तर आहेच, पण त्याआधी म्हटले आहे की प्रत्येक वर्गाला किमान एक शिक्षक हवा, आणि त्यांत विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा यांचा प्रत्येकी किमान एक हवा. कायदा करणाऱ्यांना हे कळत होते की सातवीतले बीजगणित शिकवायला मुले किती आहेत यापेक्षा बीजगणित येणारा माणूस आहे का, हे आधी पाहावे लागते. आमचा तक्ता म्हणतो की २० च्या आत मुले असतील तर त्या गटाला शून्य. त्या शून्याचा अर्थ व्यवहारात असा होतो की पाचवीपर्यंतच्या शिक्षकानेच सातवीही ओढायची, किंवा मुलांनी दाखला काढून दुसरीकडे जायचे.

दोन शिक्षकांचा आग्रह २००९ मध्ये अचानक उगवलेला नाही. १९८६ चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले, त्यामागोमाग ऑपरेशन ब्लॅकबोर्ड आले. आपण त्याला खडू-फळा मोहीम म्हणायचो. दोन खोल्या, फळा, नकाशे, विज्ञानपेटी, आणि एकशिक्षकी शाळेला दुसरा शिक्षक, हे त्या मोहिमेचे कलम. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांना पहिली नेमणूक त्या ‘दुसऱ्या’ पदावर मिळाली. एकशिक्षकी शाळेत मुले टिकत नाहीत, ती नावापुरती शाळा राहते, हा त्या वेळचा सरकारचाच निष्कर्ष होता. त्यानंतर चाळीस वर्षे होत आली. शाळांची माहिती गोळा करणाऱ्या यू-डायसच्या २०२४-२५ च्या आकडेवारीत महाराष्ट्रात आठ हजारांहून अधिक शाळा एकशिक्षकी आहेत, आणि आपला तक्ता त्यांत भर घालणारा आहे.

दुसरी बाजू मी विसरलेलो नाही. २०२३ मध्ये शिक्षण विभागाची जी माहिती प्रसिद्ध झाली, तिच्यानुसार २० आणि त्याहून कमी पटाच्या १४,७८३ शाळा राज्यात होत्या. त्यांत १,८५,४६७ विद्यार्थी आणि २९,७०७ शिक्षक. भागाकार केला तर एका शिक्षकामागे सहाच मुले येतात. वित्त विभागाच्या टेबलावर हा भागाकार गेला की काय होत असेल, ते मी समजू शकतो. एकेका शाळेतला एक शिक्षक उचलला तर सुमारे पंधरा हजार पदे मोकळी होतात. दुसरीकडे शहरालगतच्या शाळांत, पट फुगलेल्या शाळांत, शिक्षक खरोखर कमी आहेत. पैसा एकच आहे आणि तो दोन्हीकडे पुरवायचा आहे.

पण याच आकड्यांचा दुसरा भागाकार करून पाहा. १,८५,४६७ मुले १४,७८३ शाळांत, म्हणजे एका शाळेत सरासरी साडेबारा. ही साडेबारा मुले चार-पाच इयत्तांत विखुरलेली आहेत. म्हणजे ज्याला खाते ‘एका शिक्षकामागे सहा मुले’ म्हणते, तिथे प्रत्यक्षात एका शिक्षकामागे दोन-अडीच इयत्ता आहेत. शहरातल्या ज्या शिक्षकाशी त्याची तुलना होते, त्याच्याकडे एकच इयत्ता असते. मुले मोजली तर डोंगरातला शिक्षक निवांत दिसतो. इयत्ता मोजल्या तर त्याचे काम शहरातल्या शिक्षकाच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त निघते. पटाच्या बरोबर हा दुसरा आकडा तक्त्यात आला पाहिजे. माझे सगळे म्हणणे एवढ्याच एका वाक्यात आहे.

बहुवर्ग अध्यापन अशक्य आहे, असे मी म्हणत नाही. मी ते केले आहे आणि चांगले करणारे सहकारी पाहिले आहेत. कोलंबियात सत्तरच्या दशकात एस्कुएला नुएवा नावाने छोट्या खेड्यांतल्या शाळांसाठी पद्धत उभी राहिली, आंध्रातल्या ऋषी व्हॅलीने आपल्या वाड्यांवरच्या शाळांसाठी कार्डांचे संच बनवले, आपल्याकडे साताऱ्याच्या कुमठे बीटने जिल्हा परिषदेच्या शाळांत काय होऊ शकते ते दाखवले. या सगळ्यांत समान गोष्ट अशी की आधी साहित्य तयार केले, शिक्षकांना त्यासाठी घडवले, वर्षानुवर्षे पाठीशी राहिले. आधी शिक्षक काढून घ्यायचा आणि मग त्याला बहुवर्ग अध्यापनाचे एका दिवसाचे प्रशिक्षण द्यायचे, हे त्यांतल्या कोणीही केले नाही.

आता मोजणीबद्दल बोलतो, कारण अर्धा घोळ तिथेच आहे.

संचमान्यतेला ३० सप्टेंबरचा पट धरतात. शेतीच्या आणि मजुरीच्या पंचांगात ही तारीख कुठे बसते ते आपल्याला सांगायला नको, आपण कृषिमंत्री होता. सप्टेंबरअखेर खरीप शेतात असते, सगळे घरी असतात. दिवाळी झाली की पश्चिम पट्ट्यातली कुटुंबे हलतात. कोणी द्राक्षाच्या कामाला निफाड-दिंडोरीकडे, कोणी गुजरातेत ऊसतोडीला. मुले बरोबर जातात. त्याच सुमारास सटाणा, नामपूर, लखमापूरच्या शिवारात उन्हाळ कांद्याची लागवड सुरू होते आणि बाहेरची मजूर कुटुंबे आमच्याकडे येतात. डिसेंबरमध्ये बांधावर रोपांच्या जुड्यांशेजारी बसलेली शाळेच्या वयाची मुले कुठल्याही शेतात दिसतील. ती मूळ गावच्या शाळेच्या पटावर आहेत आणि तिथे गैरहजर आहेत. इथल्या शाळेने हंगामी प्रवेश देऊन त्यांना वर्गात बसवले तरी त्यांच्यासाठी शिक्षक वाढत नाही, कारण ती ३० सप्टेंबरला इथे नव्हती. जी शाळा चांगुलपणाने दहा मुले जास्त घेते, तिला त्याबद्दल मिळते ते फक्त जास्तीचे काम.

दुसरे, आधारचे. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये, ३ ते ५ तारखांना, राज्यभर पटपडताळणी झाली तेव्हा कागदावरची लाखो मुले वर्गात सापडली नाहीत. ती लबाडी होती, आणि तिच्यामुळे आमच्यासारख्या खरा पट ठेवणाऱ्या शिक्षकांची मान खाली गेली. म्हणून पट तपासायलाच हवा, याबद्दल माझे दुमत नाही. पण आता फक्त आधार वैध झालेली मुलेच संचमान्यतेसाठी धरतात. आधारवर ‘सुनिल’ आणि जन्मदाखल्यावर ‘सुनील’ असे असले, जन्मतारखेत महिना इकडचा तिकडे झाला, पाच वर्षांनंतरचे बोटांचे ठसे द्यायचे राहिले, की ते मूल अवैध. पाड्यावरच्या आईला त्या एका वेलांटीसाठी रोज बुडवून सटाण्याला यावे लागते, कधी केंद्र बंद, कधी रांग. तोवर ते मूल रोज शाळेत येते, खिचडी खाते, पाढे म्हणते, फक्त मोजले जात नाही. आणि पट २१ चा १९ होण्यासाठी अशी दोन मुले पुरतात. खोटी मुले पकडण्यासाठी केलेल्या चाळणीतून खरी मुले खाली पडत असतील, तर चाळणी बदलायला हवी. केंद्रप्रमुखाने वर्गात येऊन पाहिलेले, शाळा व्यवस्थापन समितीने सही करून दिलेले मूल मोजणीत धरावे, आधारची दुरुस्ती मागाहून व्हावी.

तिसरे, वेळेचे. ३० सप्टेंबरच्या पटावरची मान्यता शाळांच्या हातात पडते ती कित्येक महिन्यांनी. मग अतिरिक्त शिक्षकांच्या याद्या, मग समायोजन. म्हणजे एका वर्षीच्या मुलांसाठी मंजूर झालेला शिक्षक दुसऱ्या वर्षीच्या मुलांसमोर उभा राहतो. मध्ये ‘कामगिरी’ नावाचा प्रकार असतोच. एका शाळेचा शिक्षक तोंडी किंवा लेखी आदेशाने दुसरीकडे पाठवायचा. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २५ (२) सांगते की शाळेवर नेमलेल्या शिक्षकाला दुसऱ्या शाळेत किंवा कार्यालयात कामाला लावता येणार नाही. कलम २६ सांगते की मंजूर पदांपैकी दहा टक्क्यांहून अधिक रिक्त ठेवता येणार नाहीत. ही कलमे तालुक्याच्या कार्यालयातही लागू आहेत याची आठवण वरून करून दिली गेली, तर बरेच काही सुटेल.

पट का कमी होतो, हाही प्रश्न विचारला जातो, आणि त्याचा ठपका बहुतेक वेळा गुरुजींवर येतो. काही ठिकाणी तो खरा आहे, हे मी नाकारणार नाही. पण राज्याचा एकूण जननदरच घटला आहे. मुले मुळात कमी जन्मतात. त्यात सकाळी सात वाजता इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या पिवळ्या गाड्या गावोगाव फिरतात. डाळिंबाला तेल्याने मारले, कांद्याला भाव नाही, तरी पालक फी भरतात, कारण त्यांना मुलाचा वर्ग वेगळा आणि त्या वर्गाला बाई वेगळ्या हव्या असतात. माध्यमापेक्षा ही गोष्ट त्यांना जास्त दिसते. जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरा शिक्षक होता तोवर निदान दोन खोल्यांत दोन माणसे शिकवताना दिसत होती. तो गेला की पुढच्या जूनमध्ये आणखी तीन-चार दाखले निघतात. ज्यांना परवडते ते जातात. उरतात ती शेतमजुरांची, भिल्लांची, कोकणांची मुले आणि त्यातही मुली जास्त. मग २० चे १२ होतात, १२ चे ८ होतात आणि कोणीतरी वर लिहून पाठवते की ही शाळा समूह शाळेत, म्हणजे जवळच्या शाळा एकत्र करून केलेल्या शाळेत, मिळवावी.

समूह शाळेला माझा सरसकट विरोध नाही. डांबरी रस्त्यावरच्या दोन शाळा हाकेच्या अंतरावर असतील, दोन्हीकडे सात-आठ मुले असतील, ग्रामसभेने आणि शाळा व्यवस्थापन समितीने होकार दिला असेल, तर त्या एकत्र कराव्यात. मुलांना सोबत्यांचीही गरज असते. पण हा नियम सपाटीवरचा आहे. पाड्यापासून खालच्या गावापर्यंत मध्ये दोन ओहोळ आणि एक चढ असेल, तर पावसाळ्यात सहा वर्षांची मुलगी तिथे जाणार नाही. गाडी देऊ असे कागदावर असते. गाडीचा ठेका संपला, डिझेलचे बिल अडले, की त्या मुलीचे शिक्षणही तिथेच थांबते. बागलाणचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात आहे, तिथे ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा लागू आहे. निदान तिथे तरी शाळेचा निर्णय ग्रामसभेला विचारल्याशिवाय होऊ नये.

कंत्राटी शिक्षकांचा एक प्रयोग मध्यंतरी होऊन गेला. २०२४ च्या ५ सप्टेंबरला, शिक्षकदिनीच, २० पर्यंत पटाच्या शाळेत दोनपैकी एक शिक्षक १५ हजार रुपये मानधनावर नेमण्याचा निर्णय निघाला. शिक्षकांनी २५ सप्टेंबरला सामूहिक रजा घेतली, मर्यादा २० वरून १० वर आणली गेली, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तो निर्णयच रद्द झाला. तेव्हा खाते आपल्याकडे आले होते. चुकीचा निर्णय मागे घेतल्याने सरकारचे काही बिघडत नाही, हे त्यातून दिसले. त्याच हाताने १५ मार्च २०२४ च्या निर्णयातली एका शिक्षकाचे आणि शून्य शिक्षकाचे ही दोन कलमेही मागे घ्यावीत. निवृत्त शिक्षकाचा मार्गही खरा मार्ग नाही. मी स्वतः निवृत्त आहे. माझ्या वयाचा माणूस सटाण्याहून साल्हेरच्या पायथ्याला रोज जाऊन पहिलीच्या मुलांबरोबर जमिनीवर बसेल, हे एखाद्या ठिकाणी होईल. ती राज्याची व्यवस्था होऊ शकत नाही. आणि डी.एड. होऊन, टीईटी देऊन, शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसलेली तरुण मुले-मुली याच तालुक्यात आहेत. त्या पदावर त्यांचा हक्क आहे.

या दिवसांत आमच्याकडे आरम नदीच्या काठी यशवंतराव महाराजांची यात्रा असते. आपण दर्शनाला येता. सटाण्याचे मामलेदार असताना १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना भुकेल्या रयतेसाठी उघडला, म्हणून हा गाव त्यांना देवमामलेदार म्हणतो. नियमाच्या चौकटीत बसलेल्या अधिकाऱ्यानेही समोरच्या माणसाची गरज आधी पाहिली, ही गोष्ट या तालुक्याने दीडशे वर्षे जपून ठेवली आहे. आपल्याला तर नियम मोडायचाही नाही. संसदेने केलेल्या कायद्याची अनुसूची जशी आहे तशी लावायची आहे.

म्हणून स्पष्ट मागतो. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक शाळेला, पट कितीही असो, दोन नियमित शिक्षक मंजूर करा. सहावी ते आठवीच्या गटाचे शून्य काढा आणि विज्ञान-गणिताचा एक तरी पदवीधर शिक्षक तिथे कायम ठेवा. पुढचे जमेल तसे करा, पण तक्त्यात ‘एका शिक्षकाकडे किती इयत्ता’ असा रकाना घाला. तो रकाना एकदा छापला गेला की कुठल्याही अधिकाऱ्याला १७ मुलांची शाळा निवांत दिसणार नाही. ३० सप्टेंबरच्या जोडीला स्थलांतराच्या हंगामात, जानेवारीत, दुसरी मोजणी करा. आणि प्रत्येक शाळेची संचमान्यता शाळेच्या भिंतीवर मराठीत लावायला सांगा: पट किती, मंजूर शिक्षक किती, हजर किती, कामगिरीवर किती. गावाला एवढे कळले तरी गाव बोलायला लागते.

पालकांनाही दोन शब्द. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला जा आणि हे चार आकडे विचारा. ते विचारण्याचा अधिकार तुम्हाला आहे.

साहेब, येत्या जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा पहिलीत नवी मुले येतील. त्यांच्यासाठीचा निर्णय उन्हाळ्याच्या सुट्टीआधी व्हायला हवा, नाहीतर तो त्यांच्या उपयोगाचा राहणार नाही. आपण मार्चच्या आत सुधारित शासन निर्णय काढावा, अशी या तालुक्याची आपल्याकडे मागणी आहे.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
सटाणा, ता. बागलाण, जि. नाशिक
डिसेंबर २०२५